पानाची पाठ : कच्ची पालेभाजी आणि श्राविकेचा विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या श्राविका संमेलनातील भाषण)



आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या या मंगल प्रसंगी अनेकान्त, कर्मसिद्धान्त, रत्नत्रय अशा गहन विषयांवर विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली. मला ‘आहारशुद्धी’ या विषयावर बोलावे असे सुचविण्यात आले होते. परंतु हा विषय इतका विशाल आहे, की अर्ध्या तासात त्याविषयी केवळ सुभाषिते सांगून होतील आणि घरी गेल्यावर स्वयंपाकघरात काहीच बदलणार नाही. म्हणून मी त्यातील एक लहानसा कोपरा निवडला आहे. कच्च्या पालेभाजीची कोशिंबीर, पचडी, किंवा आपली मुले ज्याला सॅलड म्हणतात तो पदार्थ आपल्या घरात कसा व्हावा, केव्हा व्हावा आणि केव्हा होऊ नये, एवढेच मी बोलणार आहे.

विषय ऐकून काहींना हसू आले असेल. पण आपल्यापैकी अनेक घरांत सध्या काय चालले आहे ते आठवून पाहा. डॉक्टर सांगतात, जेवणात कच्चे खा, तंतुमय पदार्थ वाढवा. सून किंवा नात बाजारातून लेट्यूसचा गड्डा, पालकाची जुडी, पुदिना घेऊन येते. लग्नकार्यात तर सॅलडचे स्वतंत्र टेबलच मांडलेले असते. आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘कच्चा पाला? तो तर सचित्त!’ एका बाजूला आरोग्याचा आग्रह, दुसऱ्या बाजूला धर्माचा आग्रह. बोलणे होत नाही, अबोला मात्र वाढतो. माझे नम्र मत असे आहे, की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांकडूनही एक गोष्ट सुटते आहे.

प्रथम शास्त्राची भूमिका थोडक्यात पाहू. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हे आपण पाठशाळेत पहिल्याच इयत्तेत शिकतो. पान झाडावरून तोडले म्हणजे ते तत्काळ निर्जीव झाले, असे आपण मानत नाही. ते सचित्त असते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. त्यांतील पाचवी सचित्तत्याग प्रतिमा. मूळ, फळ, शाक, फांदी, अंकुर, कंद, फूल, बी या गोष्टी जो कच्च्या खात नाही, त्याला आचार्यांनी दयेची मूर्ती म्हटले आहे. म्हणजे ज्यांनी ही प्रतिमा धारण केली आहे त्यांच्या ताटात कच्चे पान येताच कामा नये. यात तडजोड नाही.

परंतु आपण बहुतेक जण त्या पायरीवर अद्याप पोहोचलेलो नाही. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार आपल्याकडे सांगितले जातात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाने करावयाचाच आहे. चूल पेटविणे, पाणी भरणे, भाजी चिरणे यांत होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. ती यत्नाचाराने कमी करता येते. आणि या यत्नाचाराची खरी कसोटी पालेभाजीइतकी दुसऱ्या कोणत्याच पदार्थात लागत नाही. कारण पानाचा जीव एकेंद्रिय असला, तरी पानाच्या आश्रयाने राहणारे जीव त्रस आहेत. मावा, अळी, कोळी, गोगलगाय, पतंगाची अंडी ही सगळी वस्ती त्या एका जुडीत असू शकते. भाजी शिजवताना ती वस्ती आपल्या नकळत नष्ट होते. कच्ची खाताना ती आपल्या मुखात जाते. दोन्ही प्रकारांत दोष आपलाच.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. माझ्या सासूबाई व्रती होत्या आणि आठवड्यातून काही दिवस त्यांचे एकाशन असे. पौषातले दिवस होते, बाजारात मेथी कोवळी लुसलुशीत येत होती. त्या दिवशी मी मेथीची पचडी केली. पाहुणे येणार म्हणून घाई होती. पेंडी सोडली, देठ खुडले, पाने भराभर पाण्यातून काढली आणि चिरली. वरून शेंगदाण्याचे कूट, लिंबू, मीठ. सासूबाई जेवायला बसल्या. तिसऱ्या घासाला त्यांचा हात थांबला. चिरलेल्या पानाला चिकटून एक हिरवी अळी होती, आणि मीठ-लिंबाच्या त्या रसात ती अजून वळवळत होती.

सासूबाईंनी ताट बाजूला सारले. त्या अळीला एका कोरड्या पानावर घेतले आणि परसात जाऊन झाडाखाली ठेवले. ती जगली असेल असे मला वाटत नाही. मग हात धुऊन त्या णमोकार मंत्र म्हणत बसल्या. अंतराय झाला होता. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांनी अन्न घेतले नाही. मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याचेच मला अधिक लागले. संध्याकाळी मी रडत त्यांच्याजवळ गेले, तेव्हा त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, “अगं, माझं काय, मला उपासाची सवय हाय. पण तू पानं पुढनंच बघितलीस. अळी कधी उन्हात बसती का? ती पानाच्या पाठीला बसती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शेजारी बसवून भाजी शोधायला शिकवले. आज मी जे सांगणार आहे त्यातील बहुतेक त्यांचेच आहे. पुढे गृहविज्ञान शिकविण्याच्या निमित्ताने मी त्याची कारणे समजून घेतली, आणि त्यांच्या पद्धतीत फारसे काही बदलावे लागले नाही.

आपल्याकडे सामान्यतः ‘भाजी निवडणे’ म्हणतात. आपल्या घरांत ‘शोधणे’ हा शब्द आहे, आणि तो अधिक अर्थपूर्ण आहे. निवडताना आपण आपल्याला काय हवे ते पाहतो. शोधताना तिथे कोण आहे ते पाहतो. या शोधण्याचा क्रम असा : आधी डोळा, मग पाणी, शेवटी विळी. हा क्रम उलटला की चूक झालीच म्हणून समजा.

पहिली गोष्ट उजेडाची. पालेभाजी दिवसा, सूर्यप्रकाशात शोधावी. दिव्याच्या उजेडात हिरव्या पानावरची हिरवी अळी दिसत नाही. रात्रिभोजनत्यागाचे जे अनेक हेतू सांगितले जातात, त्यांतील एक इथे प्रत्यक्ष अनुभवास येतो. रात्री भाजी निवडून, चिरून, फ्रीजमध्ये ठेवून सकाळी डब्यात देण्याची पद्धत नोकरी करणाऱ्या भगिनींना सोयीची आहे, हे मी जाणते. पण कच्च्या खाण्याच्या पानांपुरती ती सोडावी, अशी माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट, पेंडी घरात आणल्याबरोबर पाण्यात बुडवू नये. पाणी लागले की पाने एकमेकांना चिकटतात, मावा पानाला घट्ट धरून राहतो आणि लहान जीव बुडून मरतात. पेंडीची दोरी सोडून ती पांढऱ्या कापडावर किंवा सुपात मोकळी पसरावी. दहा-पंधरा मिनिटे तशीच राहू द्यावी. जे हलणारे जीव आहेत ते बरेचसे आपोआप कडेला येतात. पांढऱ्या कापडावर ते चटकन दिसतात. मग एकेक काडी हातात घेऊन पान उलटे करावे. बहुतेक फुलपाखरे आणि पतंग आपली अंडी पानाच्या पाठीवर घालतात. तिथे ऊन कमी लागते, पावसाचा मार बसत नाही आणि पक्ष्यांची नजर जात नाही. मावाही कोवळ्या शेंड्यावर आणि पानाच्या पाठीलाच वस्ती करतो. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर समजावे, की पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये नागअळी राहते आहे. असे पान कितीही धुतले तरी जीव आतच राहणार. ते वगळावे. कोथिंबिरीचे आणि पुदिन्याचे शेंडे, मेथीची मिटलेली कोवळी पाने, पालकाच्या देठाजवळची घडी या जागा विशेष पाहाव्यात.

कोबी आणि लेट्यूस यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची पाने एकावर एक घट्ट बसलेली असतात. गड्डा मधोमध कापून बारीक चिरणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सदोष रीत. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी आणि मावा आतल्या थरांपर्यंत जातात. म्हणून गड्डा चिरू नये. बुंधा काढून एकेक पान सोडवावे, दोन्ही बाजूंनी पाहावे आणि मगच विळीवर घ्यावे. ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी त्या दिवशी कोबीची पचडी करू नये. काकडीची करावी.

पानाला भोक नाही म्हणून ते निर्दोष, असेही मानू नये. भोक नसलेले चकचकीत पान कीटकनाशकाच्या फवाऱ्यामुळेही तसे असू शकते. वरवरचा अंश धुण्याने काही प्रमाणात जातो, पानाच्या आत शोषला गेलेला जात नाही. ज्यांच्या गच्चीवर किंवा परसात जागा आहे त्यांनी दोन कुंड्यांत मेथी जरूर लावावी. साधारण महिन्याभरात ती खुडण्याजोगी होते, आणि कोशिंबिरीला लागतात तेवढीच पाने त्या वेळी खुडता येतात.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा विषय निवडला तो सांगते. आजकाल सर्वत्र सल्ला दिला जातो, की पालेभाजी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे किडे मरून वर तरंगतात. इतर कोणाला हा सल्ला उपयुक्त वाटेल. पण आपण त्याचे शब्द नीट ऐकावेत. ‘किडे मरून वर येतात’ ही आपल्या घरातील शुद्धीची रीत कशी असू शकेल? ज्या जिवाला दोन मिनिटे लक्ष देऊन बाजूला काढता आले असते, त्याला जाणूनबुजून खाऱ्या पाण्यात घालणे हे आरंभी हिंसेच्या नावाखाली बसत नाही. व्हिनेगर तर आंबवून केलेला पदार्थ, तो बहुतेक घरांत वर्ज्यच आहे. म्हणून आधी कोरडे शोधन, त्यात सापडलेले जीव पानासह झाडाच्या सावलीत ठेवणे, आणि त्यानंतरच पाणी. वगळलेली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकू नयेत. त्यांवरील जीव त्या पिशवीत गुदमरतात. परसात, कुंडीत किंवा एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ती मोकळी ठेवावीत.

पाण्याविषयी आपल्या परंपरेने जितका सूक्ष्म विचार केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. दुहेरी जाड कापडाने गाळलेले पाणी, जिवाणी पुन्हा मूळ जलाशयात सोडणे, गाळलेल्या पाण्याची अठ्ठेचाळीस मिनिटांची, लवंग आदींनी प्रासुक केलेल्या पाण्याची सहा तासांची आणि उकळलेल्या पाण्याची चोवीस तासांची मर्यादा, हे आपणास ठाऊक आहे. भाजी धुण्यासाठीही गाळलेलेच पाणी घ्यावे. पसरट परातीत भरपूर पाणी घेऊन पाने त्यात सोडावीत, हलक्या हाताने वरखाली करावीत आणि थोडा वेळ स्थिर राहू द्यावीत. माती तळाशी बसते. मग पाने हातांनी वर उचलून दुसऱ्या परातीत घ्यावीत. परात चाळणीत उपडी करू नये, कारण तळाची माती पुन्हा पानांवरच पडते. पहिल्या परातीतील पाणी एकदा निरखून पाहावे. एखादा जीव दिसला तर पानावर उचलून घ्यावा. ते पाणी झाडांना घालावे. असे तीन वेळा करावे, आणि पाणी नितळ राहिले नाही तर चौथ्यांदा. शेवटचे पाणी उकळून गार केलेले असावे. साबण किंवा भांडी घासण्याची पावडर यांचा वापर मुळीच करू नये. त्यांचा अंश पानांवर राहून पोटात जातो.

इथे आरोग्याची एक बाजू स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजते. पालेभाजी जमिनीलगत वाढते. शेताला सांडपाणी मिळत असेल, तर त्या पाण्यातील रोगजंतू पानांवर येतात. हगवण, आमांश, विषमज्वर, काविळीचा एक प्रकार, जंत यांचा प्रसार अशा कच्च्या पानांतून होऊ शकतो. टेपवर्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी मानवी विष्ठेतून शेतात आणि तिथून पानांवर येतात. ती पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. हा कृमी मूळचा डुकराच्या मांसातून माणसाकडे येणारा असला, तरी त्याच्या अंड्यांमुळे होणारा हा आजार आयुष्यात कधी मांसाला न शिवलेल्या शाकाहारी माणसासही होतो, हे विसरू नये. धुण्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही. तो केवळ शिजविण्यानेच जातो. म्हणून गर्भवती भगिनी, अशक्त वृद्ध, लहान बालके आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने कमी झाली आहे अशांना कच्चा पाला न देणे बरे. सासूबाईंच्या पिढीला जंतुशास्त्र ठाऊक नव्हते, पण आजाऱ्याला कच्चे पान द्यायचे नाही, हे त्यांचे ठरलेले होते.

पाने धुऊन झाल्यावर ती स्वच्छ पंचावर पसरून कोरडी करावीत. ओल्या पानांची कोशिंबीर पाणचट होते. चिरण्यापूर्वीच धुवावे, चिरल्यानंतर कधीही नाही. चिरलेल्या कडांमधून जीवनसत्त्व ‘क’ पाण्यात उतरून जाते आणि पाण्यातील दोष पानात शिरतो. विळीचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने पान चेंगरते आणि काळे पडते. कोवळी मेथी, पुदिना, लेट्यूस हातानेच तोडावे. मीठ आणि लिंबू अगदी वाढण्याच्या वेळी घालावे. मीठ पानातील पाणी ओढून घेते, पान कोमेजते. लिंबाच्या आंबटपणाने काही वेळात हिरवा रंग मळकट होतो. मात्र लिंबू वगळू नये. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व साह्य करते. पानांतील ज्या द्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते, ते शोषले जाण्यास थोडी स्निग्धता लागते. आपल्या पूर्वजांनी पचडीत शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे, तिळाचे कूट किंवा वरून तेलाची फोडणी घातली, त्यात चवीबरोबर हेही साधले गेले.

मेथीची पचडी, ज्याला काही भागांत घोळाणा म्हणतात, ती इतर घरांत कांद्याशिवाय होत नाही. आपल्या घरात कांदा नाही. त्याची जागा भरून काढायला मी बारीक चिरलेली काकडी, थोडे ओले खोबरे आणि मोहरी-हिंगाची फोडणी वापरते. मेथीचा कडवटपणा काकडीच्या ओलाव्याने सौम्य होतो. पालकाची पाने कोवळी असतील तर डाळिंबाच्या दाण्यांसह चांगली लागतात. घरी केलेल्या गड्डाकोबीच्या पचडीत लिंबू, खोबरे आणि कोथिंबीर पुरते.

दह्याविषयी मात्र सावध असावे. पंडितप्रवर आशाधरजींनी तेराव्या शतकात रचलेल्या सागारधर्मामृतात दोन सूचना एकाच श्लोकात आल्या आहेत. कच्च्या दूध-दह्याशी द्विदल मिसळून खाऊ नये आणि पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये. मोड आलेले मूग आणि दही घातलेली कोशिंबीर आज ‘पौष्टिक’ म्हणून सर्वत्र केली जाते, पण ती आपल्याकडे वर्ज्य आहे. मेथीचे बीज द्विदल असल्याने अनेक घरांत मेथीच्या पानांबरोबरही दही घेत नाहीत. म्हणून पालेभाजीच्या कोशिंबिरीला लिंबू हाच निर्धोक सोबती. शेंगदाणा आणि दही यांविषयी घराघरांत वेगवेगळी परंपरा आहे. आपण आपल्या गुरुजनांना विचारून चालावे.

आणि आता चातुर्मास. आषाढापासून कार्तिकापर्यंत आपल्याकडे पालेभाजीचा त्याग असतो. श्वेतांबर बांधवांकडे तर हा त्याग फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आठ महिने पाळला जातो. कित्येक तरुण विचारतात, आता शेती सुधारली, फ्रीज आले, मग हा नियम कशाला? मी त्यांना आपल्याच पंचक्रोशीकडे बघायला सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांत कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराचे पाणी कोल्हापूर-सांगली भागातील शेतांत आणि गावांत शिरले. त्या पाण्यात काय काय मिसळले होते, हे ज्यांनी घरातील गाळ उपसला ते जाणतात. पूर नसला तरी पावसाच्या थेंबांनी उडालेला चिखल पानाच्या पाठीवरच बसतो. दमट हवेत किडींची वाढ होते, ऊन नसल्याने शोधायला उजेड नसतो. म्हणजे शोधन सर्वांत कठीण आणि जीव सर्वांत अधिक, असा हा काळ. ज्या कामात यत्नाचार पाळताच येणार नाही ते काम त्या काळापुरते सोडून द्यावे, एवढाच या त्यागाचा सरळ अर्थ आहे. या चार महिन्यांत काकडी, पडवळ, दुधी, ओले खोबरे, फळे यांची कोशिंबीर करता येते. अष्टमी-चतुर्दशीला ज्यांचा हिरवीचा त्याग असतो, त्यांनी तो तसाच ठेवावा.

ज्यांना कच्चे पान चालत नाही, पण पालेभाजीची कोशिंबीर हवी आहे, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. वाळविणे, शिजविणे, तापविणे, आंबट-मिठात मिसळणे, यंत्राने छेदणे यांनी वस्तू प्रासुक होते, असे आपल्या परंपरेत सांगितले आहे. यांतील कोणती रीत कोणत्या व्रताला पुरते, हे महाराजांना किंवा माताजींना विचारून ठरवावे. निःशंक रीत तापविण्याची. शोधलेली, धुतलेली पाने उकळत्या पाण्यात घालून नीट वाफ येऊ द्यावी, निथळून गार करावीत आणि मग लिंबू, खोबरे, फोडणी घालावी. आचेवर ती एक-दोन मिनिटांहून अधिक ठेवू नयेत, म्हणजे रंग टिकतो. ‘क’ जीवनसत्त्व थोडे कमी होते, हे खरे. परंतु रोगजंतूंची भीती जवळजवळ उरत नाही. माझ्या घरी आता सुनेसाठी कच्ची आणि आमच्यासाठी वाफवलेली, अशा दोन वाट्या एकाच परातीतून होतात. शोधन मात्र आम्ही दोघी मिळून करतो. ती नोकरी करते, म्हणून रविवारी आणि सुटीच्या दिवशीच पानांची कोशिंबीर असते. इतर दिवशी काकडी. यावरून आमच्या घरी कधी वाद झाला नाही.

शेवटी संस्थेच्या विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवते. मेथीची एक पेंडी नीट शोधायला मला आजही सुमारे वीस मिनिटे लागतात. तीनशे माणसांच्या पंगतीसाठी तीस पेंड्या घेतल्या, तर केवळ शोधण्यास एका व्यक्तीचे दहा तास लागतील. कोणत्याही समारंभात, कोणत्याही आचाऱ्याकडून हे होणे शक्य नाही. ते होत नाही, हे आपण सर्व जाणतो आणि तरीही डोळे झाकून वाढतो. पंगतीत आपल्या शेजारी एखादी व्रती आजी बसलेली असते. माझ्या पाच मिनिटांच्या घाईने एका व्रती स्त्रीचे दिवसाचे एकमेव जेवण गेले आणि एक जीव मीठ-लिंबाच्या रसात तळमळला. तीनशे ताटांत हे किती वेळा घडत असेल? म्हणून माझी प्रार्थना आहे, की या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून आपल्या संस्थेच्या भोजनात कच्ची पालेभाजी आणि वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर बंद व्हावी. सजावटीला किसलेले खोबरे आहे, काकडी आहे, डाळिंबाचे दाणे आहेत. आणि शिजवायची पालेभाजी असेल, तर ती शोधण्यासाठी आम्ही महिला मंडळाच्या भगिनी आदल्या सकाळी दिवसाउजेडी येऊन बसू. त्या कामात आमच्याबरोबर पाठशाळेची मुलेही बसावीत. जीव किती प्रकारचे असतात हे त्यांनी पाठ केलेले आहेच. एक पान उलटे करून त्यांना ते डोळ्यांनी दिसेल.

सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. अजूनही मेथीची काडी हातात घेतली, की पुढून पाहण्याआधी माझा अंगठा तिला आपोआप उलटी करतो. माझ्याकडून अधिक-उणे बोलले गेले असेल, आगमविरुद्ध काही शब्द गेला असेल, तर विद्वज्जनांनी मला क्षमा करावी आणि चूक दाखवून द्यावी.